तीनदा धुतलेलं

६ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यानं दिलेली वही घरात आहेच. तीत हिचा ताप, रक्तदाब, वजन, पाणी किती प्याली आणि किती बाहेर पडलं, हे सगळं मी दिवसातून दोनदा लिहितो. पण त्या वहीत शंकेला रकाना नाही. म्हणून ही दुसरी वही. ही माझ्या कपाटात राहील.

गेल्या जूनमध्ये माझी डावी किडनी हिला बसवली. आठ महिने झाले, चांगली चालली आहे. पण शरीरानं ती परकी म्हणून हाकलू नये यासाठी ज्या गोळ्या देतात, त्या हिची सगळी प्रतिकारशक्ती गुंगीत ठेवतात. मला एक शिंक देऊन जाईल असा जंतू हिला आडवं करू शकतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा हिनं मान डोलावली आणि मी लिहून घेतलं. तेव्हापासून स्वयंपाक, भांडी, औषधं, दारं-खिडक्या, सगळं माझ्याकडे. मी एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. दुकानदाराचं तोंड बघून मी कधी एकाही तराजूला शिक्का मारला नाही. आता घराबाबत कसा मारीन?

आजचा प्रसंग. सुपरमार्केटमध्ये सामानाच्या ढकलगाडीत बटाट्यांच्या खाली एक फुगलेली पिशवी सापडली. आत चिरलेली हिरवी-जांभळी पानं. वर छापलेलं: ‘तीनदा धुतलेलं. उघडा आणि खा.’

मी विचारलं, “ही कुणी टाकली?”

“मी,” ही म्हणाली.

“तीनदा धुतलं हे मोजायला तिथे कोण उभं होतं?”

“अहो, मला काहीतरी करकरीत खावंसं वाटतंय. आठ महिने सगळं शिजवलेलं खातेय.”

मी पिशवी परत फ्रीजमध्ये ठेवली. पण गाडीत बटाट्यांच्या *खाली* का ठेवली होती? काहीतरी पाणी मुरतंय.

७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी हिनं काकडी कापायला घेतली होती. मी वेळेवर पोचलो. गोळ्यांमुळे हिचे हात थरथरतात. सुरी फळीवर टकटक वाजत होती. मी हळूच सुरी काढून घेतली. “तू बस. मी आहे ना.”

ही जाऊन शिलाई मशीनपाशी बसली. मशीनवर चादर टाकलेली आहे. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले हिनं, एक टाका वाकडा नाही. आता विश्रांतीच हवी.

आपली फळी मात्र अजून एक नंबर आहे. पहिलं घर केलं तेव्हाची, सागवानी, दोन बोटं जाड. साबण लाकडाला मारतो, म्हणून मी ती कधी साबणानं धूत नाही. सुरीनं खरवडायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. आज आधी कोंबडी कापून सूपला लावली, मग काकडी कापून वाफवली. अर्ध्या तासात जेवण तयार. बाजारातल्या पिशव्या घेणाऱ्यांना घरी करण्याचा कंटाळा असतो, दुसरं काय.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई नवीन आहेत. वयानं फार लहान. संशय घ्यायला माणसाचं थोडं वय व्हावं लागतं.

त्या हिला म्हणाल्या, “रिपोर्ट छान आहेत. आता कच्ची पानं खायला हरकत नाही. नीट धुऊन.”

ही लगेच म्हणाली, “आणि ती पिशवीतली?”

बाई म्हणाल्या, “फ्रीजमधली घ्या. पिशवी फाटलेली नको, तारीख पुढची हवी, आणि फोडाल त्याच दिवशी संपवा. पानं मऊ, चिकट दिसली तर टाकून द्या. बाकी चालेल.”

मी विचारलं, “चालेल म्हणजे हमी?”

“हमी कुठल्याच अन्नाची नसते, काका. स्वयंपाक कोण करतं घरी?”

“मी.”

त्यांनी मला दोन पानी कागद दिला. घरातल्या स्वच्छतेविषयी. असे कागद मला ठाऊक आहेत, ज्यांना हात धुणंही माहीत नसतं त्यांच्यासाठी छापतात. घरी येऊन फाईलला लावला.

जाता जाता बाईंनी हिला विचारलं, “तुम्हाला सगळ्यात जास्त काय खावंसं वाटतं?”

“काहीही,” ही म्हणाली, “पण माझ्या हातानं.”

हातानं म्हणजे काय? घरात काटे-चमचे आहेत की.

माझा निष्कर्ष: पिशवी बंद. बाईंनी अटी इतक्या घातल्या की तो नकारच समजायचा.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सुपरमार्केटमध्ये प्रत्यक्ष पाहणी केली. घरातला थर्मामीटर नेला होता. सॅलडच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला चार अंश, पुढच्या फळीवर सात. म्हणजे पुढची पिशवी उचलणारा फसतो, हे घरी येऊन हिलाही सांगितलं. मी नेहमी मागची घेतली असती. घेतली असती तर, म्हणतोय.

मग फळांच्या काट्यावर सहा पिशव्यांचं वजन केलं. वर लिहिलंय दीडशे ग्रॅम. भरली एकशे छप्पन, एकशे एकोणपन्नास, एकशे त्रेपन्न, बाकीच्या तीनही दीडशेच्या वर. कमी भरणारा मला कळतो. त्याचा हेतू उघड असतो. जास्त भरणाऱ्यावर माझा जास्त संशय.

फ्रीजमध्ये माल लावणारी बाई माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “काका, दार लावा, थंडी जाते. घेताय का नुसते भेटायला आलाय?”

मी तिला विचारलं की या कुठे धुतात, कुठल्या पाण्यानं, कोण धुतं. तिला काहीच माहीत नव्हतं. म्हणाली, “मी फक्त लावते. पण लोक नेतात हो. त्या लाल कोटवाल्या, तुमच्यासोबत एकदा आल्या होत्या बघा, केस आखूड, मोठ्यानं बोलतात... त्या दर गुरुवारी दोन नेतात.”

लाल कोट, आखूड केस, मोठा आवाज. म्हणजे माझी मेहुणी.

मेहुणीचं केस कापायचं दुकान आहे. गुरुवारी ते बंद असतं, म्हणून दर गुरुवारी दुपारी ती बहिणीपाशी येऊन बसते. आल्या आल्या मला म्हणते, “भावोजी, जा तुम्ही, जरा मोकळे व्हा.” आणि मी भाबडेपणानं वाचनालयात जाऊन बसतो.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

नेहमीसारखा गेलो. नेहमीपेक्षा पाऊण तास आधी परतलो.

दोघी हसत होत्या. हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. मी दार उघडलं आणि आवाज थांबला. टेबल पुसलेलं, ओलं. ओट्यावर दोन वाडगे पालथे घातलेले. मी चहाचं निमित्त करून आत गेलो आणि कचऱ्याचा डबा उघडला. वर वर्तमानपत्र, नीट घडी घालून. कचऱ्यात घडी कोण घालतं? त्याच्या खाली पिशवी. फाडलेली कसली, ओरबाडलेली, वेडीवाकडी, जणू उंदरानं कुरतडलीय. एक पान जमिनीवरही होतं, टेबलाच्या पायापाशी.

तारखेचा कोपरा कात्रीनं कापून पाकिटात घातला. पाकिटावर दिवस आणि वेळ लिहिली.

हिचा रक्तदाब संध्याकाळी एकशे अठरा-शहात्तर. महिन्यातला सगळ्यात चांगला. योगायोग.

१८ फेब्रुवारी

ताप नाही. पोट ठीक. माझ्या टाक्याच्या जागी थोडी ओढ. त्यात विशेष काही नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी घराबाहेर पडलो नाही.

मेहुणी आली, कोट काढताना थबकली. “हे काय, आज वाचनालय बंद?”

“वाचनालय चालू आहे. आज पिशवी बंद.” मी तिच्या हातातली थैली मागितली. तिनं दिली नाही. मग दिली. आत दोन पिशव्या होत्या.

मी बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. थोडक्यात, जिच्या अंगात बाहेरचा जंतू मारायची ताकद नाही तिला चोरून कच्चा पाला खायला घालणं याला माया म्हणत नाहीत, असं म्हणालो.

मेहुणी म्हणाली, “दवाखान्यातल्या बाईंनी हो म्हटलंय तिला. तुमच्यासमोर म्हटलंय. आणि भावोजी, हिला नुसतं खायचं नसतं हो, हिला—”

“राहू दे,” ही म्हणाली.

“का राहू दे? कधीतरी कुणीतरी सांगायला नको? भावोजी, तुम्ही तिला किडनी दिलीत, फार मोठी गोष्ट केलीत, मी जन्मभर तुमच्या पाया पडेन. पण म्हणून ती तुमचं कपाट नाही झाली, किल्ली खिशात ठेवायला.”

“राहू दे म्हटलं ना,” ही पुन्हा म्हणाली. आवाज चढला नव्हता. मेहुणीनं कोट घातला आणि गेली.

दोन्ही पिशव्या मी टाकून दिल्या. खालच्या मोठ्या डब्यात, घरच्या नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

ही आज फार शांत आहे. पटलं असावं.

करकरीत हवं होतं ना, म्हणून मी अख्खा लेट्यूसचा गड्डा आणला. एकेक पान सुटं केलं, नऊ वेळा धुतलं. (त्यांचं तीनदा. माझं नऊदा, आणि मोजायला मी स्वतः.) मग फळीवर बारीक चिरून तिच्यासमोर ठेवलं. तिनं तीन घास खाल्ले आणि वाडगा सरकवला.

“पुरे?”

“पुरे.”

बघा. पानांची हौस नव्हतीच मुळी. पिशवीची होती. जाहिरात माणसाला कुठे नेते!

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मी म्हणत होतो!

सुपरमार्केटच्या दाराशी कागद चिकटवलाय. त्याच कंपनीच्या पिशव्या, फेब्रुवारीच्या दोन आठवड्यांतल्या तारखांच्या, परत मागवल्या आहेत. ‘जंतू आढळल्याच्या शक्यतेमुळे.’ मी तिथे उभा राहून तीनदा वाचला. फ्रीज लावणारी बाई रिकामी फळी पुसत होती; माझी नजर चुकवत होती असं मला वाटलं.

घरी येऊन पाकीट काढलं. १५ तारखेचा कोपरा. तारीख त्या दोन आठवड्यांत बसते.

हिच्यासमोर टेबलावर ठेवला. म्हटलं, “बघ. नशीब थोर म्हणून वाचलीस.”

हिनं कोपरा उचलून पाहिला, पुन्हा पाकिटात घातला. त्याला थोडा वेळ लागला. म्हणाली, “तुम्हाला किती आनंद झालाय.”

आनंद नाही, सुटका. माणूस डोळ्यांत तेल घालून आठ महिने बसतो आणि सगळे त्याला वेड्यात काढतात, तेव्हा कागदावर छापून आलं की बरं वाटणारच. मन लावून स्वयंपाक केला. कोंबडी भाजली, बाजूला ताजी काकडी आणि टोमॅटो. आज कच्चीच दिली, हिला करकरीत हवं म्हणून. भरपूर धुऊन. हिनं पोटभर खाल्लं. मी टोमॅटो खात नाही आणि काकडीनं मला ढेकर येतात, म्हणून माझ्या वाटणीची पण हिलाच वाढली.

१ मार्च, शुक्रवार

पहाटे पोटात कळा, मग जुलाब. सकाळी आठ वाजता ताप अडतीस पूर्णांक सहा. अडतीसच्या वर फोन करायचा असा नियम आहे. नऊला निघालो, दहाला दाखल केलं. सलाईन लावली.

मी डॉक्टरांना पाकीट दिलं. सुपरमार्केटच्या कागदाचा फोटो दाखवला, तारखा दाखवल्या. त्या संसर्गाच्या डॉक्टर आहेत, उंच, केसांत पेन खोचलेलं. त्यांनी पाकीट घेतलं, म्हणाल्या, “इतकी व्यवस्थित माहिती मला कुणी आणून देत नाही.” मला बरं वाटलं. अशा वेळी असं बरं वाटावं याची आता लाज वाटते, पण वाटलं होतं.

मेहुणी अकराला धावत आली, दुकान अर्धवट टाकून. कोटाच्या बाहीवर कुणाचे तरी केस होते. मी तिला व्हरांड्यात अडवलं.

“तुझ्या हातानं झालंय हे,” मी म्हणालो. “काही कमी-जास्त झालं तर तुझ्या हातानं.”

पस्तीस वर्षं ओळखतो तिला. माझं एक वाक्य झालं की तिची चार तयार असतात. आज एकही आलं नाही. ती भिंतीला टेकली आणि लहान मुलीसारखी रडली.

मी आत गेलो.

२ मार्च, शनिवार

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय. एक पूर्णांक एक होतं, आज एक पूर्णांक नऊ. शरीरातलं पाणी गेल्यामुळे किडनीवर ताण आलाय, म्हणाले. उतरेल बहुतेक. ‘बहुतेक’ हा शब्द मी अहवालात कधी चालवून घेतला नाही.

हिचा चेहरा एवढासा झालाय. दुपारी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न: “तिला काही बोललात का?”

“नाही,” मी म्हणालो.

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

३ मार्च

एक पूर्णांक आठ. दिवसभर खुर्चीत. नर्स म्हणाली, काका, तुम्हीही एकाच किडनीवर आहात, पाणी प्या.

४ मार्च, सोमवार

हे आजच लिहिलं पाहिजे. उद्या मी त्याला जरा बरं रूप देईन.

अकरा वाजता डॉक्टर आल्या. जंतू सापडला. औषध बदललंय, क्रिएटिनिन एक पूर्णांक पाचवर आलंय, धोका टळला असं म्हणायला हरकत नाही. मी म्हटलं, “म्हणजे पिशवीतलाच ना?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “परत मागवलेल्या पिशव्यांमधला जंतू वेगळा. हा तो नाही. आणि शेवटची पिशवी त्यांनी १५ तारखेला खाल्ली, तुमच्याच पाकिटावर लिहिलंय. हा जंतू साधारण दोन ते पाच दिवसांत त्रास देतो. त्रास सुरू व्हायच्या आधी काय खाल्लं होतं? तुम्ही लिहून ठेवत असाल.”

मी लिहून ठेवतो. पाठही होतं. मंगळवारी भाजलेली कोंबडी, काकडी, टोमॅटो.

“कोंबडी पूर्ण भाजली होती?”

“हाडापर्यंत. मी थर्मामीटर लावतो.”

“आणि कच्ची कोंबडी कापली कशावर?”

“फळीवर,” मी म्हणालो. “आमची सागवानी फळी आहे. पहिल्या घरापासूनची, दोन बोटं...” मी तिथवर बोललो.

डॉक्टर वाट बघत होत्या. त्यांनी पेन केसांतून काढलं होतं पण लिहीत नव्हत्या.

“काकडीपण तिच्यावरच?”

“हो.”

“मध्ये धुतली?”

“पुसली.”

“कशानं?”

मी फडकं म्हणालो असेन.

“हे फार घरांत होतं,” त्या म्हणाल्या. “धडधाकट माणसांना कळतही नाही. इतके दिवस सगळं शिजवून खात होत्या, म्हणून निभावलं. शंभर टक्के त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण मी तुमच्या जागी असते तर ती फळी आधी बाहेर काढली असती. आहारतज्ज्ञांनी कागद दिला होता ना?”

दिला होता. घरी येऊन फाईल उघडली. दुसऱ्या पानावर, वरून तिसरी ओळ. सोबत चित्रही आहे: एक कोंबडी, एक फळी, वर फुली.

नऊ वेळा धुतलेली पानं मी कशावर चिरली होती, ते तिथे बसल्यावर आठवलं.

५ मार्च, मंगळवार

मेहुणीच्या दुकानात गेलो. इतक्या वर्षांत तिथे कधी पाय ठेवला नव्हता; बायकांचं दुकान. ती एका बाईचे केस विंचरत होती. मला आरशात पाहिलं. कंगवा केसांतच थांबला.

“ताई?”

“बरी आहे. बरी आहे. उद्या-परवा घरी सोडतील.”

तिनं त्या बाईचं काम संपवलं, तिला दारापर्यंत पोचवलं. मी उभाच होतो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं.

“बसा,” तिनं खुर्ची फिरवली. “केस वाढलेत.”

बसलो. तिनं माझ्या गळ्याशी कापड बांधलं. आरशात दोघं एकमेकांना दिसत होतो, तेवढं नको होतं. कात्री चालू झाल्यावर मी फळीचं सांगितलं. सगळं, डॉक्टरांचे प्रश्न एकामागून एक. मग म्हणालो, “व्हरांड्यात मी तुला जे बोललो, ते...”

“मान खाली.”

मान खाली घातली. मागून कात्रीचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

“मी चार रात्री झोपले नाही भावोजी. मला वाटलं मी मारलं तिला.”

कात्री पुन्हा चालू झाली.

तीच पुढे बोलायला लागली. “ती पिशवी मी का आणत होते, कधी विचारलंत? अख्खा गड्डा आणला तर धुवायला, चिरायला हात स्थिर हवेत. सुरी तुम्ही देत नाही; बरोबरच आहे, मीही नसती दिली. पिशवीला सुरी लागत नाही. ती पिशवी ताई स्वतः फाडायची. मी कात्री पुढे केली तर रागावायची. दोन्ही हातांनी ओढायची, कधी दातांनी. अर्धी पानं टेबलावर, काही खाली. मग वाडग्यात भरायची, वर लिंबू पिळायची, तेल घालायची, आणि माझ्यापुढे ठेवायची. म्हणायची, घे, मी केलंय. आठ महिन्यांत तिनं कुणाला काही करून घातलं नव्हतं हो. मला वाढायची ती.”

मी मान वर केली नाही. तिनंही केस कापणं लांबवलं. शेवटी मागे फारच आखूड झालेत.

८ मार्च, शुक्रवार

काल ही घरी आली. क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन.

फळी मी त्या आधीच टाकून दिली होती. हिला समोर बसवून सगळं सांगितलं. ही ऐकत होती, पण तिला माहीत होतं. डॉक्टरांनी तिलाही सांगितलं होतं, सोमवारीच. चार दिवस ती वाट बघत होती, मी सांगतो का ते बघायला. म्हणजे या घरात पाळत ठेवणारा मी एकटा नव्हतो.

“तिला बोलला नाहीत म्हणालात,” ही म्हणाली.

“खोटं बोललो.”

“कळलं होतं. तुम्ही खोटं बोलताना चष्मा पुसता.”

मला वाटलं आता रागावेल, आणि ते बरं होईल. ती रागावली नाही. टेबलावरच्या रुमालाची घडी उलगडत राहिली, पुन्हा घालत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही माझं खूप केलंत. एवढं कुणी कुणाचं करत नाही. आता थोडं कमी करा.”

“मला भीती वाटते गं.”

हे मी आजवर तोंडानं म्हटलं नव्हतं. या वहीतही लिहिलेलं नाही, मागची पानं चाळून पाहिली.

“मलाही वाटते,” ही म्हणाली. “पण भीती वाटते म्हणून दिवसभर नुसतं बसून राहणं, त्याला काय जगणं म्हणायचं? आणि एक सांगू? ‘माझी किडनी, माझी किडनी’ म्हणता तुम्ही. दवाखान्यात, फोनवर, दूधवाल्याशीसुद्धा. दिलीत ना? मग सोडा आता हात. ती माझी आहे.”

मला ते लागलं. अजूनही लागतंय. वहीचं पहिलं पान काढून बघितलं. तिथे मी काय लिहिलंय ते बघितलं. ती बरोबर आहे, पण म्हणून कमी लागत नाही.

१२ मार्च

दोन नव्या फळ्या आणल्या, प्लास्टिकच्या, लाल आणि हिरवी. कुरूप आहेत. लालवर मांस. गरम पाणी, साबण. हिनं विचारलं, “आणि हिरवीवर कोण कापणार?” मी म्हटलं बघू. ती म्हणाली, बघू नका.

१९ मार्च, मंगळवार

सुपरमार्केटच्या दाराशी ही म्हणाली, “तुम्ही इथे थांबा.”

“जड उचलू नकोस.”

“थांबा म्हटलं.”

बाहेर बाकावर बसलो. पंचवीस मिनिटं. काचेतून आतली पहिली रांग दिसते, फ्रीज दिसत नाही; बाकाच्या उजव्या टोकाला सरकलं तर थोडा दिसतो. मी डाव्या टोकाला बसून राहिलो. आहारतज्ज्ञ बाईंना सकाळी फोन केला होता, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं: फ्रीजमधली, तारीख बघून, त्याच दिवशी संपवा. या वेळी मी अटी मोजल्या नाहीत. खरं सांगायचं तर मला त्या पिशव्यांचा अजून भरवसा नाही. कुठलं पाणी, कुठले हात, कुणालाच सांगता येत नाही. पण माझ्या फळीचा मला केवढा भरवसा होता.

ही बाहेर आली. कापडी थैली खांद्याला, आत काहीतरी कुरकुर वाजत होतं. वाटेत म्हणाली, “विचारा की.”

“नाही विचारत.”

“मागच्या फळीवरची घेतली,” ती आपणहून म्हणाली. “चार अंशांतली.”

घरी आल्यावर हिनं हात धुतले आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलो. आत आधी कागद फाटल्यासारखा आवाज, थांबला, पुन्हा, मग बराच वेळ काही नाही. काहीतरी पडलं. मी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धा उठलो आणि परत बसलो. नळ चालू झाला, बंद झाला. दवाखान्याच्या वहीत दुपारचा रक्तदाब लिहायचा राहिला होता, तो तिचा घ्यायचा का माझा, असं एकदा वाटून गेलं.

“या जेवायला.”

टेबलावर दोन वाडगे. सूप कालचं, गरम केलेलं, आणि पानं. वाडग्याच्या बाहेरही चार-पाच पडली होती. लिंबाची एक बी वर तरंगत होती. हिच्या गालावर हिरवा ठिपका होता आणि ती माझ्याकडे असं बघत होती की जणू मी गिऱ्हाईक आहे आणि पहिल्यांदाच कपडा अंगात घालून आरशासमोर उभा आहे.

मी काट्यानं एक पान उचललं आणि, सवयच ती, उलटून पाहिलं.

“मागच्या बाजूलाही पानच आहे,” ही म्हणाली.

मी ते खाल्लं.